लक्ष्मीपुढं उघडा ठेवलेला कागद

आमच्याकडचा शेतकरी गूळ घेऊन मार्केट यार्डात उतरला, की काट्याच्या आकड्याआधी सीतारामच्या तोंडाकडं बघतो. सीताराम तिथला तोलणार. येणारा माल तोलायचा आणि वजन सांगायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. ढेपेत भेसळ असली की त्याच्या ओठाचा एक कोपरा खाली ओढला जातो. मग माल शेठचा असो, पाहुण्याचा असो, तो ओठ कुणाची भीड धरत नाही. गेल्या दिवाळीपासून तो खाली ओढलेला ओठ सरळ झालेला नाही.

त्याची पाठ गेली आहे. बायको प्रेमलाबरोबर घराशेजारच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायची आणि काट्यापासून सुटायचं, एवढीच त्याची इच्छा होती. शेठच्या गाळ्यावर दुपारच्या चहाला ज्याच्या त्याच्या तोंडी बिटकॉइन. ऐकून ऐकून त्यानं हिंजवडीत नोकरी करणाऱ्या लेकीला, सोनालीला, गळ घातली.

"आप्पा, हा जुगार आहे," ती म्हणाली.

"शेठ करतोय त्यो धंदा, आन् म्या केला की जुगार व्हय?"

शेवटी तिनं घेऊन दिलं, पण मोबाइलमध्ये दोन वेगवेगळी पाकिटं केली आणि पैसा दोन्हींत निम्मा निम्मा ठेवला. दोन्ही पाकिटांना बारा-बारा इंग्रजी शब्द होते. एका पाकिटाचे शब्द तिनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. दुसऱ्याचे बापाला जाड कागदावर लिहून दिले आणि बजावलं, "पैसे फोनमध्ये नाहीत, या कागदात आहेत असं समजा. फोन हरवला तरी हे शब्द असले की पैसे मिळतात. पण ज्याला हे शब्द कळले, पैसे त्याचे. इथं बँक नाही, मॅनेजर नाही, कुणाकडे दाद मागता येत नाही. कुणाला सांगायचं नाही. फोटोसुद्धा काढायचा नाही."

सीतारामनं मान डोलावली. कागद ट्रंकेत गेला, वर प्रेमलाचं लग्नातलं लुगडं ठेवलं.

मग लक्ष्मीपूजन आलं. यार्डात त्या संध्याकाळी गाळा धुऊन काढतात, दाराला झेंडूचं तोरण लावतात. चौरंगावर लक्ष्मीपुढं शेठच्या चोपड्या येतात, तिजोरीच्या किल्ल्या येतात, हमाल पोती ओढायचा आपला लोखंडी आकडा ठेवतो. ज्याचं जे धन, ते देवीपुढं, आणि तेही उघडं. झाकलेल्या धनाला लक्ष्मी पाठ फिरवते, असं तिथली जुनी माणसं सांगतात. सीतारामनं विचार केला, लेक म्हणाली पैसे कागदात आहेत. मग देवीपुढं कागदच ठेवायला नको का? सांगायचं नाही म्हणाली होती, तर तो कुणाला काही सांगत नव्हता. त्यानं घडी उलगडली, कागद किल्ल्यांशेजारी ठेवला आणि इंग्रजी अक्षरांवर हळद-कुंकू वाहिलं.

शेठच्या मुलानं, राजसनं, चौरंगाचा फोटो काढला आणि शुभेच्छा लिहून यार्डाच्या ग्रुपवर टाकला. लाह्या-बत्तासे वाटून व्हायच्या आत तो पुढच्या दहा ग्रुपांवर गेला असेल.

भाऊबीजेला सोनाली आली. बापाचा फोन उघडून बघते, तर कागदावरच्या शब्दांचं पाकीट रिकामं. कागदावरचं कुंकू बघितलं आणि तो कुठं ठेवला होता ते तिनं विचारून घेतलं. मग तिनं स्क्रीनवर लांबलचक अक्षरांची एक ओळ दाखवली. "हे बघा. तुमचे पैसे इथून निघून इथं गेले. सगळ्या जगाला दिसतंय."

"दिसतंय ना? मग घे की उचलून."

"दिसतात फक्त, आप्पा. कुणाचं पाकीट आहे ते कळत नाही, आणि झालेला व्यवहार मागं फिरवता येत नाही."

चोर अंगणात बसून आपल्याच ताटात जेवतोय आणि आपण कुंपणाबाहेर उभे, असं त्याला झालं. त्या दिवशी त्यानं फराळाला हात लावला नाही.

गाळ्यावर राजस म्हणाला, "काका, मी फोटो डिलीट केला हं लगेच." वर हसला. चहा पिणाऱ्यांनी "आम्ही म्हणतच होतो" म्हणून घेतलं. यांच्यातलाच कुणी असेल, कदाचित नसेलही. सीताराम एकेकाच्या तोंडाकडं बघायचा आणि हातातला चहा ओतून द्यायचा.

मच्छिंद्र तेवढा जवळ येऊन बसला. दोघं एकाच काट्यावर जन्मभर तोलत आलेले. सीतारामनं त्याच्यापाशी मन मोकळं केलं, "निम्मं हाय अजून. दुसऱ्या पाकिटात. गिरणीचं बघू कसंतरी." ही गोष्ट घराबाहेर त्यानं त्याच्याखेरीज कुणाला सांगितली नाही.

दोन दिवसांनी मच्छिंद्रनं एक नंबर दिला. "माझ्या वळखीचा साहेब हाय. गेलेलं परत आणतो."

साहेबाचं मराठी तुपात घोळलेलं होतं. गोड बोलून झाल्यावर तो म्हणाला, "काका, चोरीचे पैसे परत वळवायला जागा लागते. तुमच्या दुसऱ्या पाकिटाचे बारा शब्द सांगा फक्त."

सीतारामनं फोन बंद केला. समोर मच्छिंद्र सुपारी कातरत होता.

"दुसरं पाकीट हाय हे त्याला कुणी सांगितलं रं?"

"मदतीसाठीच सांगितलं गड्या."

"तुला काय मिळणार हुतं?"

मच्छिंद्र डोळे मिचकावत हसला. "तुझं काम झाल्यावर चहापाणी. त्यात काय एवढं?"

लाज नव्हती, भीती नव्हती. चिंधी विकल्यासारखा माणूस विकला होता. सीताराम उठला आणि नळावर जाऊन चूळ भरून आला.

सोनालीबरोबर तो सायबर पोलिसांकडं गेला. नंबर लिहून दिला, आणि नंबर कुणी दिला विचारल्यावर तेही सांगितलं. मग यार्डात उलटंच झालं. मच्छिंद्र पोराबाळांचा माणूस म्हणे, सीतारामनं ताणायला नको होतं. शेठसुद्धा म्हणाला, "अहो, जाऊ द्या. आपल्यातलाच आहे."

"म्हनूनच न्हाई जाऊ देत," सीताराम म्हणाला आणि त्यानं मच्छिंद्रबरोबरचा काटा बदलून मागितला. शेठनं दिला नाही. तेव्हा तो गुळातून उठला आणि कांद्याच्या शेडमध्ये गेला. तिथं धूळ जास्त, ऊन जास्त आणि नासलेल्या पोत्यांचा वास दिवसभर नाकातून जात नाही. उरलेल्या निम्म्यात गिरणी होत नाही, त्यामुळं दुखऱ्या पाठीनं उभं राहणं चालूच आहे.

परवा माझा कांदा तिथं उतरला, तेव्हा मी विचारलं, "या घाणीत कशाला आलास?"

त्यानं पोत्यात हात घातला, एक सडका कांदा काढला आणि लांब फेकून दिला. "ह्यो फेकता तर येतो," तो म्हणाला आणि पुढचं पोतं काट्यावर घेतलं.