आबांची वायर

आमच्या घरी एक खण आहे. त्यात चार्जरच्या वायरी नुसत्या ठेवल्या तरी आपोआप गुंता होतो. आमच्या लाइनवरचे किस्सेही असेच साठलेत. एक ओढायला जावं तर मागून दुसरा येतो. आता विषय निघालाच आहे, तर ऐका!

वाळूजला आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बनतात. वायर दुमडू नये, ताणू नये, घासू नये म्हणून आम्ही बायका दिवसभर जीव टाकतो. लाइनवर मोबाइलला बंदी, त्यामुळे लॉकरपाशी चार्जिंगचा लांबलचक बोर्ड आहे. तिथं आमच्या स्वतःच्या वायरी लटकलेल्या असायच्या. कुणाच्या वायरीला चिकटपट्टी, कुणाच्या वायरीला औषधाची पट्टी, एकीला तर चक्क केसांचा रबर!

एकदा गाडीवाले पाहुणे तपासणीला आले. आमचं काम बघून खूश झाले. जाता जाता बोर्डापाशी थबकले आणि म्हणाले, "हे पण तुमच्याकडंच बनतं?"

आमचे सुपरवायझर काळे सर घाईघाईनं म्हणाले, "नाही नाही! हे घरून येतं."

*

शबानाची वायर एकाच कोनात चालायची. वायर जरा मुडपायची, फोन त्यावर टेकवायचा आणि वरून जेवणाचा डबा ठेवायचा. तेवढं जमलं की ती सगळ्यांना बजावायची, "कोई हात नको लगाव! चार्ज होरा!"

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बघते तर फोन मेलेला. डबा टेबलावर, उघडा आणि रिकामा! खाणारी मीच होते. शबाना नेहमी जास्तीचं आणते, म्हणून मी बिनधास्त घेतला होता.

"खाया तो खाया," शबाना कळवळून म्हणाली, "पण डबा परत फोनवर ठेवायचा ना गं!"

*

या सगळ्या हसण्याखिदळण्यात रंजना मात्र गप्प असायची. ती माझ्या शेजारी टेपिंगला, म्हणजे जुड्यांना टेप गुंडाळायला, बसते. तिचे वडील, आबा, मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात. आज या शिवारात, परवा त्या. कुठल्या हॉटेलवर किंवा शेतातल्या मोटारीपाशी वीज मिळाली की फोन चार्ज करायचे आणि लेकीशी बोलायचे. पण आबा वायर चार्जरभोवती करकचून गुंडाळायचे आणि घोड्यावर भांड्याकुंड्यांत कोंबायचे. मग ती तुटायची आणि फोन बंद व्हायचा.

मागं एकदा आबा तापानं फणफणले होते. रंजनाला कळलं ते बरे झाल्यावर! तेव्हापासून त्यांचा फोन लागला नाही की हिचा हात चुकायचा, टेस्टिंगचं मशीन बोंबलायचं.

"फोन बंद असला का काय काय मनात येतं गं," ती म्हणायची. मला तिची लई दया यायची, पण करणार काय?

*

काळे सरांच्या कानावर ते गेलं. माणूस तापट, पण मनानं चांगला. त्यांनी सगळ्यांना बोर्डापाशी बोलावलं.

"वायर मधे तुटत नाही, मानेपाशी तुटते," ते म्हणाले. "प्लगला लागून रोज तिथंच दुमडते, आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात. म्हणून वायर गुंडाळायची तर सैल. फोन चार्जिंगला लावून बोलत बसायचं नाही. आणि काढताना प्लग धरायचा, वायर कधीही..."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो बोर्डाच्या पार टोकाला चार्जिंगला होता. साहेबांचा असणार! सरांनी झडप घालून वायरच ओढली. खाड! फोन एकीकडं पडला, वायर सरांच्या हातात आली आणि प्लग बोर्डातच राहिला.

सर हातातल्या वायरीकडं बघत म्हणाले, "अशी ओढायची नाही. कळलं?"

*

रंजनानं पैठण गेटच्या बाजारातून नवी वायर आणली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्याभोवती कोंडाळं केलं. दोन्ही मानांवर तिनं पेनातली स्प्रिंग चढवली, वरून रबरी नळी बसवून गरम केली, तशी ती आवळून बसली. हात बसलेलाच तिचा, असं काम केलं की वायर मानेपाशी दुमडेचना!

रविवारी एसटीनं सिल्लोडकडं जाऊन तिनं ती आबांना दिली. म्हणाली, "आबा, कोकराला कान धरून उचलता का?"

"छ्या! पोटाखाली हात घालून उचलावं."

"मग हिलाबी तसंच धरा. वायर नाय ओढायची, हे टोक धरायचं."

"मंग असं सांग की!" आबा म्हणाले.

आणि काय सांगू, त्या दिवसापासून आबांचा फोन रोज लागायला लागला! रंजना लाइनवर गुणगुणायला लागली. आम्हीही आपापल्या वायरींना स्प्रिंगा चढवल्या. शबानाचा डबा मोकळा झाला आणि काळे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचा बोर्ड दाखवायला लागले.

*

हिवाळ्यात आबांची मेंढरं पडेगावच्या पलीकडं एका वावरात बसली. सुट्टीच्या दिवशी रंजना, शबाना आणि मी भेटायला गेलो. आबा सापडले रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलवर. मांडीवर फोन, आणि अंगठ्यानं वायर दाबून धरलेली. वायर तरी कसली, नुसत्या चिंध्या गुंडाळलेल्या!

"आबा, ही कुणाची?" रंजनानं विचारलं.

"सोबतच्या गड्याची. जरा दाबून बसलं का होतं चार्ज."

"अन् माझी कुठंय?"

आबांनी कमरेची पिशवी सोडली, त्यातलं धुतलेलं फडकं हलक्या हातानं उलगडलं. आत रंजनाची वायर, सैल वेटोळं करून ठेवलेली, कोरी करकरीत.

"लेकीनं केलेली हाय," आबा म्हणाले. "वापरली तर झिजंल ना!"

"अहो, मग रोज असं दाबून कामून बसता?"

"तू एवढा जीव टाकून वायर केली. मंग फोन बंद ठिवून कसं चालंल?"

रंजनाचे डोळे भरून आले. शबाना आणि मी उगाच मेंढरांकडं बघत बसलो. शेवटी नाक पुसत रंजना म्हणाली, "बरं, आणखी एक करून देते. ती तरी वापरा."

आबा एकदम खुलले. "दे की! तीबी ठिवतो."