टॅम्प्लीज म्हणणारा राजा

राजीनाम्याचं पत्र मी शुक्रवारीच लिहून ठेवलं होतं. सोमवारी देणार, असं नवऱ्याला सांगूनही झालं होतं. "तू ठरव," तो म्हणाला. ऐकायला उदार वाक्य. प्रत्यक्षात हात झटकणं. अ‍ॅशबर्नमधलं आमचं, म्हणजे एकूण अमेरिकेतलंच, राहणं माझ्या व्हिसावर. माझी नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर तिघांनी बिऱ्हाड आवरा. ग्रीनकार्डच्या रांगेबद्दल तर बोलायलाच नको. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, दहा वर्षं डेटा सेंटरचे अलार्म बघत बसलेली.

शनिवारी लेक शाळेच्या प्रेझेंटेशनची तयारी करत होती. विषय होता, इंग्लंडमधला फार जुना एक अँग्लो-सॅक्सन राजा.

"आई, रेनला मराठीत काय म्हणतात? पाऊसवाला नाही, किंगवाला."

"राज्य."

नागपूरला सुट्टीत मावसभावंडांशी लपाछपी खेळल्यामुळे हा शब्द तिला पक्का ठाऊक होता. ती चमकली. "मीन्स, ही वॉज इट? बाकी सगळे लपले आणि राज्य त्याच्यावर?"

मी पोट धरून हसले. मग पुढची हकिकत ऐकली आणि हसू गेलं. त्या राजानं लढाया केल्या, शाळा काढली, आणि एक दिवस राज्य नातेवाइकाच्या हवाली करून मठात जाऊन बसला. पुढे शेजारचा राजा चालून आला, तेव्हा लोक मठाच्या दारात हजर. तू नुसता समोर दिसलास तरी शिपायांना धीर येईल, म्हणाले. तो नाही म्हणाला. त्यांनी ओढत नेला. त्यानं तलवार धरलीच नाही, हातात फक्त काठी. तिथेच मारला गेला.

"बट ही सेड टॅम्प्लीज!" लेक भडकली. मूठ ओठांना लावून टॅम्प्लीज म्हटलं की खेळातून तेवढ्यापुरती सुटका, हा नियम तिच्या लेखी जगभर लागू होता. "दॅट्स चीटिंग, यार."

"अगं, पण बाकीच्यांनी जायचं कुणाकडे?" नवरा सोफ्यावरून म्हणाला.

तो राजाबद्दलच बोलत होता, हे कळत होतं. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचं बरोबर होतं, त्याचाच राग. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तो माझ्यामागे आला, तेव्हा त्याला तरी कुणी नीट विचारलं होतं?

रविवारी मी ते पत्र पुन्हा एकदा वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. संध्याकाळी बेडरूममध्ये गेले, तर दाराला माझा ऑफिसचा शर्ट टांगलेला, कडक इस्त्री केलेला. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यानं माझ्या कपड्यांना कधी इस्त्री केली नव्हती. मायेनं केलं होतं, म्हणूनच नाही म्हणता येईना. सोमवारी तो घातला, पत्र ड्रॉवरमध्येच राहू दिलं आणि कामावर गेले.