दिवा विझवणारं घड्याळ

बिझर्त गावाच्या जुन्या बंदरावर सी तिजानींचा, म्हणजे तिजानीसाहेबांचा, स्टुडिओ आहे, तिथे मी फोटोंना हाताने रंग भरते. गालांना गुलाबी, दागिन्यांना पिवळा. अर्ध्या गावाचे गाल माझे आहेत. त्यांचा गोरेपणा मात्र बेयाचा.

बेया ही सी तिजानींची बायको. डार्करूमच्या पडद्याबाहेर परात घेऊन रव्याचं कुसकुस वळत बसायची. आत त्यांनी फोटो मोठा करायच्या यंत्राचा दिवा लावला, कागदावर चित्राचा उजेड पडला, की ही मोठ्याने आकडे मोजायची आणि ही थांबली की ते दिवा बंद करायचे. उजेड जास्त वेळ पडला तर फोटो काळवंडतो. म्हणून नवरीचा फोटो असला की बाई भराभर मोजायची.

"अगं, नीट मोज!" आतून ओरडा.

"सासूला उजळ सून दिसू दे की! तुमचं काय जातं?"

बेया वसंतात गेली. चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला तिच्या बहिणी येणार होत्या आणि बैठकीत तिचा लग्नातला फोटो लावीन, असा शब्द सी तिजानींनी दिला होता. दिवस जवळ आला तरी फोटो काही निघेना. एकामागून एक कागद काळाठिक्कर.

"मोजताना चुकता का?" मी विचारलं.

"मोजतच नाही गं. राहून जातं."

मग मीच त्यांना बशीरच्या जुन्या सामानाच्या दुकानात नेलं. बशीरने दोन घड्याळं पुढे ठेवली. एक, वेळ संपली की नुसती घंटा वाजवणारं. दुसरं यंत्राला जोडायचं. वेळ भरली की ते आपणच दिवा विझवतं.

"हे दुसरं घ्या," मी म्हटलं.

सी तिजानी भडकले. "माझ्या डोळ्यांदेखत तिला विझवणारी वस्तू मी विकत घेऊ?"

घंटेचं घेतलं. दुसऱ्या दिवशी पडद्याआड घंटा वाजली, वाजून दमली, गप्प झाली. कागद काळाच. माझं डोकं फिरलं. पडदा सारून आत शिरले.

"तुम्हाला ऐकू येत नाही की हात उचलत नाही?"

"ये, बघ," ते शांतपणे म्हणाले.

दिव्याखाली बेया होती. फिल्मच्या उलट्या चित्रात काळं ते पांढरं दिसतं, हे मला काय नवीन? पण त्या नवरीचे काळेभोर केस तिथे पांढरेशुभ्र झाले होते. चेहरा सावळा, केस पांढरे. परातीपाशी बसणारी, आपण पुरलेली बेया.

"फोटो झाला की ही परत नवरी होते," ते म्हणाले. "त्या पोरीची आणि माझी आता ओळख राहिली नाही, झकिया. मला ही हवी. हिला विझवायला हात धजत नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घंटेचं घड्याळ घेऊन आम्ही परत बशीरकडे गेलो. "काय सी तिजानी, घंटेने झोपमोड झाली वाटतं?" त्याने टोमणा मारला. मी डोळे वटारले तसा गुमान दुसरं घड्याळ काढून दाखवू लागला. सी तिजानींनी त्याच्या कडेच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"हा कशाला?"

"कागद लावायच्या आधी चित्र नीट जुळवायला. हा दाबला की घड्याळ मध्ये येत नाही. दिवा हवा तेवढा वेळ राहतो."

"हवा तेवढा?"

"विजेचं बिल तुमचं, मला काय!"

त्यांनी भाव न करता ते घड्याळ काखेत मारलं.

चाळिसाव्याला बैठकीत नवरी बेया हसत होती. गाल मी रंगवले होते. बहिणी फोटोला हात लावून लावून रडल्या, मग पोटभर जेवल्या. सी तिजानी मात्र पंगतीतून उठून कुठे गेले ते मला एकटीला कळलं. मी ताट घेऊन पडद्यापाशी गेले. आत टिकटिक नव्हती, खटका दाबलेला असणार.

"जेवण निवतंय," मी म्हटलं.

आतून आवाज आला, "तू मोज. मोजून झालं की येतो."

मी परातीच्या जागी बसले आणि मोजू लागले. जमेल तितकं सावकाश.