चाळीसच्या आत

साडू या नात्यावर माझा पहिल्यापासून राग आहे. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही, आणि सासरी मात्र आपल्या ताटाला ताट लावून बसणार. नऊ वर्षं मी माझ्या सासऱ्यांचा एकुलता एक जावई होतो. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि अमरावतीहून हा आला. उंच, हसरा, सगळ्यांशी गोड. माझ्या पोटात तेव्हापासून दुखतं.

मी अकोल्यात एका कृषी केंद्रात काम करतो. सासऱ्यांची काळी जमीन अकोटजवळ. दरवर्षी पेरणीच्या आधी त्यांचा फोन यायचा, ‘जवाईबुवा, यंदा कोणतं बियाणं घेऊ?’ दुकानात हाच प्रश्न दिवसातून पन्नास माणसं विचारतात, पण सासऱ्यांनी विचारला की मी खुर्चीत ताठ बसून उत्तर द्यायचो. साडू आल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तो फोन बंद झाला. का, ते मी विचारलं नाही. विचारायला लाज वाटली.

यंदा धोंड्याचा महिना ऐन जेठात आला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयांना बोलावून जेवू घालायचं, जावयाला देव मानून त्याचे पाय धुवायचे, ही आमच्याकडची रीत. आमच्या बायका चार दिवस आधीच एसटीनं अकोटला गेल्या. साडूचं अकोल्यात काहीतरी काम होतं म्हणून तो आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला आला. आला तो नव्या कोऱ्या मोटारसायकलवर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

कारण माझी गाडी त्याच आठवड्यात मिस्त्र्याकडून उघडून आली होती. जुनी मोटारसायकल, धूर मारायची. जुन्या शहरातल्या ज्या मिस्त्र्यानं काम केलं तो मूळचा अकोटचा, सासऱ्यांच्या विहिरीवरचं इंजिन तीस वर्षांपासून त्याच्याच हाताखालचं. सासऱ्यांनीच त्याच्याकडे पाठवलं होतं. त्यानं नवा पिस्टन टाकला आणि किल्ली देताना मला बजावलं, ‘भाऊ, नवा जोडा पायाले बसेस्तोर चावते. हेबी तसंच हाय. पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नोका. मधात थांबजा, इंजिन थंडं होऊ देजा. घाई केली तं पिस्टन जाम होईन, मंग मले बोल लावू नोका.’

सकाळी आम्ही दोघं निघालो. साडू दहा-बारा किलोमीटर माझ्या बाजूनं, माझ्या चालीनं चालला. शेवटी म्हणाला, ‘भाऊ, चाळीसनं तं मले झोप येऊन राहिली. चोहोट्ट्यात चहा सांगून ठेवतो, तुमी या आरामात.’ आणि गेला. सुईकडे बघत बघत मी एकटा. एक म्हातारा मोपेडवर ज्वारीचं पोतं घेऊन मला मागे टाकून गेला, तेही सहन केलं.

वाटेवरच्या चोहोट्ट्याला पोचलो तर साडू हॉटेलसमोर गाडीला टेकून फोनवर बोलत होता. ‘हो मामाजी, बियाण्याचं आजच पाहून टाकू ना.’ मला पाहून त्यानं हसत हात वर केला, थांबा म्हणून.

थांबा! म्हणजे मी चहाच्या ग्लासासमोर बसायचं आणि यानं माझ्यासमोर माझ्या सासऱ्यांना बियाणं सांगायचं. ज्याला कपाशीचं झाड आणि भेंडीचं झाड शेजारी लावलं तर ओळखता येणार नाही, त्यानं. माझं डोकं सणकलं. मी गाडीवरून उतरलोच नाही. गिअर टाकला आणि सुटलो. पन्नास, साठ, सत्तर. मागून साडूचा हॉर्न ऐकू आला तशी मूठ आणखी पिळली. काटा ऐंशीवर गेला. किती तरी वर्षांनी मी कुणाच्या तरी पुढे होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

अकोट सहा-सात किलोमीटर राहिलं आणि इंजिननं आवाज केला, चर्रर्र. मागचं चाक घासत गेलं, गाडी आडवी होता होता राहिली. किक दाबली, हलेना. साडू येऊन थांबला. त्यानं इंजिनजवळ हात नेला, झटकन मागे घेतला. जवळच्या शेतातून बाटलीभर पाणी आणलं आणि ते मला प्यायला दिलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

पाऊण तासानं गाडी कशीबशी सुरू झाली. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज करत, निळा धूर सोडत मी सासुरवाडीच्या दारात पोचलो. सासरे बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून वास घेतला आणि म्हणाले, ‘चला, आधी पाय धुवू.’

दोन पाट मांडले होते. त्यांनी माझे पाय आधी धुतले, मोठा जावई म्हणून. परातीसमोर गुडघे टेकून बसलेला तो सत्तरीचा माणूस माझ्या बोटांमधली धूळसुद्धा काढत होता, आणि माझं लक्ष कुठे? माझे आधी धुतले हे साडूनं पाहिलं की नाही, याच्याकडे.

जेवणं झाली. पुरण भरलेले धोंडे मला गिळवत नव्हते. ओसरीवर सुपारी कातरत सासऱ्यांनी विचारलं, ‘गाडीले काय झालं?’

‘तुमच्या मिस्त्र्यानं काम बिघडवलं, मामाजी,’ मी म्हणालो. बायको, मेहुणी, सासूबाई, सगळ्यांसमोर.

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. त्यांनी तिथेच फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून मिस्त्र्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, ‘दादा, जवाई चाळीसनं आले काय?’

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तेवढ्यात साडू म्हणाला, ‘मी मांगच होतो ना. चाळीसच्या वर काटा गेलाच नाही.’

‘आयकलं?’ सासरे फोनवर म्हणाले. ‘तीस वर्षांत तुले कधी काई म्हटलं नाई. पन हे काम चांगलं नाई केलं तू.’

मिस्त्र्यानं ‘गाडी पाठवून द्या, दादा,’ म्हणून फोन ठेवला. मी ते तसंच होऊ दिलं. माझी लाज राखल्याबद्दल साडूचे आभार मानायचे सोडून मला वाटलं, यातही हाच पुढे.

दोन दिवसांनी गाडी टेम्पोत घालून जुन्या शहरात नेली. मिस्त्र्यानं मला चहा दिला, गाडी खोलली आणि पिस्टन फडक्यानं पुसून माझ्या हातात ठेवला. पिस्टनवर उभ्या रेघा होत्या, मांजरीनं ओरबाडल्यासारख्या. ‘होऊन जाईन,’ एवढंच बोलून तो कामाला लागला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तो पिस्टन हातात घेऊन बसलो. मग माझ्याच्यानं राहवेना.

‘मिस्त्री, मी ऐंशीनं नेली होती.’

‘मालूम हाय.’ तो पाना फिरवतच राहिला. ‘त्याच दिवशी सांजी तुमच्या सासऱ्याचा फोन आलता. म्हणे, वासावरूनच समजलं मले. तुले बोललो ते मनावर घेऊ नको, बाप्पा. नुकतेच पाय धुतले होते जवायाचे. पाय धुतलेल्या मानसाले चारचौघांत खोटं कसं पाडू?’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘लहान्या जवायानं मोठ्याची लाज राखली, याचं लय कौतुक करून राहिले होते.’

म्हणजे मी खोटं बोललो, हे सासऱ्यांना माहीत होतं. साडूही खोटं बोलला, हेही माहीत होतं. पण त्याचं खोटं माझ्यासाठी होतं, म्हणून त्याचा भाव वाढला. गॅरेजच्या बाहेर येऊन मी सासऱ्यांना फोन लावला.

‘मामाजी, त्या दिवशी काटा…’

‘ते जाऊ द्या, जवाईबुवा. यंदा कोणतं बियाणं घेऊ, ते सांगा.’

किती वर्षं वाट पाहिली होती या प्रश्नाची. पण तो असा, कीव केल्यासारखा नको होता. मी तोंड कडू करून म्हणालो, ‘साडभाऊले विचारलं ना तुमी? चोहोट्ट्यात फोनवर बोलून राहिला होता तो.’

‘त्याले काय समजते बियाण्यातलं?’ सासरे म्हणाले. ‘तोच म्हणे, भाऊले विचारत जा, तुमी विचारणं सोडलं तं भाऊ मनात खट्टू रायतात. मी समजत होतो, दुकानात तुमाले काम रायते, घरच्या फोननं त्रास होत असन. त्या दिवशी म्हणे भाऊ आलेच, देतो त्याइच्याजवळ फोन. हात केला म्हणे तुमाले. तुमी थांबलेच नाई.’

रस्त्यावरून रिक्षा, हातगाड्या जात होत्या. आत मिस्त्री माझ्या इंजिनावर काम करत होता.

‘मंग?’ सासरे म्हणाले. ‘कोणतं घेऊ?’

मी सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि फोन ठेवला. मग मी साडूला फोन लावला, माफी मागायला. तो उचलेपर्यंत चार रिंग गेल्या, आणि खरं सांगतो, त्या चार रिंगांतही मला त्याचा हेवाच वाटत होता.