टांगायची वजनं

मुलीने आणि जावयाने आम्हा नवरा-बायकोला ग्रीसच्या एका बेटावर फिरायला नेलं, याचे उपकार मी मानतो. पण बंदरावर उतरताच जावई तिला जे म्हणाला, ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. "म्युझियम छोटंसंच आहे, आपण दोघं बघून येऊ. बाबांना त्यात काय कळणार? ते बसतील चहा पीत." बोलला हळूच, पण नागपूरला सीताबर्डीवरच्या माझ्या किराणा दुकानात गिऱ्हाईक बायकोच्या कानात काय सांगतं, तेही मला गल्ल्यावर ऐकू येतं.

मी तडक तिकिटाच्या खिडकीशी गेलो. चौघांचं मिळून काय लावता, असं तिथल्या बाईंना बोटांनीच विचारलं.

"बाबा, इथे भाव नाही करत!" मुलगी ओशाळली.

"विचारायले काय जाते वं?"

बाई हसल्या, कमी मात्र काही केलं नाही.

आत दोनच खोल्या. पहिलीत काचेमागे मातीचे गोळे मांडलेले, प्रत्येकाला वरच्या अंगाला भोक. चिठ्ठी ग्रीकमध्ये. जावयाने तिच्यावर फोन धरला. "वजनं आहेत, बाबा. तुमच्याच धंद्यातली."

मी काचेला नाक लावलं. "वजन तराजूत ठेवतात का टांगतात? भोकाची वरची कड पाहा, दोरीने झिजली आहे. हे कापड विणायच्या मागाचे आहेत."

आमच्या खापा गावच्या घरी वडील खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत. लुगड्याच्या काठाचे दोरे वेगळे ताणलेले, त्यांना मागून दगड बांधलेले. ते सारखे लोंबतात की नाही, हे पाहणं माझं काम. एक हलका पडला की काठाला लहर यायची आणि माझ्या पाठीत धपाटा.

"नक्की?" जावई म्हणाला.

मी बाईंना बोलावलं. गोळ्यांकडे बोट दाखवलं, तिथेच फरशीवर बसलो आणि हाताने धोटा फेकल्यासारखं, पायाने मागाच्या पट्ट्या दाबल्यासारखं करून दाखवलं. बाईंनी टाळीच वाजवली. मग मला दंडाला धरून उभं केलं आणि वरून खाली दोरे सोडल्यासारखे हात केले. म्हणजे त्यांच्या बाया उभ्याने विणत! हे मलाही नवं होतं.

"चहा घ्यायचा का, बाबा?" जावयाचा आवाज पडला होता.

"तुम्ही या पिऊन, जावईबापू. माझी दुसरी खोली पाहाची राहिली."