गोल कमानी, टोकदार कमानी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय? एका हलक्या माणसाचा हलकेपणा. तो माणूस मी.

मी मस्कतला, कुरुममधल्या एका ऑफिसात आर्किटेक्ट. आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचा संपादकही — म्हणजे चारचौघांना नाकं मुरडायचा हक्क मिळालेला. फेलिक्स वसईचा, वादी कबीर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करायचा. त्याची मुलगी इटलीत नर्स. तिच्याकडे महिनाभर राहून आला, तो तिथल्या एका मध्ययुगीन चर्चवर लेख घेऊनच. वहीत, हाताने लिहिलेला, एकुलती प्रत. खांबांच्या, कमानींच्या आकृत्या पट्टी लावून काढलेल्या. मला हसूच आलं. गॅस भरणारा मला चर्चचं स्थापत्य शिकवणार?

डावीकडच्या कमानी गोल, उजवीकडच्या टोकदार — असं त्याने लिहिलं होतं. बैठकीत सगळ्यांसमोर मी वही उंच धरली.

"फेलिक्सभाऊ, गोल कमानी आधीच्या काळातल्या, टोकदार नंतरच्या. दोन चर्चची खिचडी केलीत की काय?"

लोक हसले. मी हसलो की हसणारेच लोक ते.

"सर, मी हात लावून बघितलंय," तो म्हणाला. "उजवी बाजू कोसळलेली, मग खूप वर्षांनी परत बांधली. पुढच्या पानावर आहे. वाचा ना."

वाचलं — पण घरी गेल्यावर. इंटरनेटवर त्या चर्चचा नकाशाही शोधला. अक्षर न् अक्षर खरं होतं. शेवटी त्याने लिहिलं होतं: 'नव्या गवंड्यांनी आपल्या काळाची कमान बांधली, पण जुन्या कमानींना धक्का लावला नाही.' असं एक वाक्य मला जन्मात जमलेलं नाही.

मग काय केलं मी? लेख छापला? माफी मागितली? — छे. वही फाडली, कचऱ्याच्या पिशवीत कोंबली आणि सांगितलं, छापखान्यात गहाळ झाली.

"असू दे सर. तुमच्यामागे कामं किती," तो म्हणाला. माझी समजूत घालत होता — माझी!

गेल्या वर्षी तो कायमचा वसईला परतला. निघताना भेटायला आला. उंबऱ्यातच थांबून त्याने विचारलं, "सर, वही हरवण्याआधी तुम्ही वाचली होती का हो?"

"नाही," मी म्हणालो.

वाचली होती. दोनदा.