खरं सापडलं की लिहायचं पान

मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते, तेवढ्यात तलावाच्या कामावरची पारूबाई धापा टाकत दारात आली. "बाई, तुमची वहिनी पडली... उठंना." मिरजगावच्या आमच्या शाळेपासून पाझर तलावाचं दुष्काळी काम अर्ध्या कोसावर. मी पोचले तेव्हा गयावहिनीला बाभळीखाली निजवलं होतं, मातीचं घमेलं शेजारी पालथं पडलेलं. सगळं संपलं होतं. तिरडी उचलताना कुणीतरी म्हणालंच, "आनखी दोघं लागा रं, लई जड हाय." मेल्यावर तरी सोडायचं होतं तिला. सहा आठवडे झाले, ते वाक्य काही कानातून जात नाही.

गयावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी बिनलग्नाची मास्तरीण, त्यांच्याच घरात राहणारी. वहिनी पहिल्यापासून अंगानं भरलेली. बरे दिवस होते तोवर सगळे तिला 'खात्यापित्या घरची' म्हणून वाखाणायचे. पाऊस दोन वर्षं फिरकला नाही, तशी तीच माणसं तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघू लागली. अख्खा गाव वाळला आणि ही मात्र तशीच! कामावर दुपारी सरकारी सुकडी, भाजक्या पिठाचा गोड खाऊ, वाटायचे, तेवढाच पोटाला आधार. एकदा रांगेत मागून एक जण म्हणाली, "हिला कशाला? हिच्या अंगातच दोन सालाची बेगमी हाय." सगळ्या हसल्या. वहिनीही हसली... आणि त्या दिवसापासून तिनं सुकडी घेणंच सोडलं. घरात भाकरी आम्ही सारखी वाटून खायचो, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. तरी मलाही कधीकधी वाटायचं, चोरून खात असेल का ही? लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

एकदा चुलीपाशी तिनं विचारलं, "वन्सं, तुमी एवढं वाचता. मी अशी का हाय, ह्ये कुटं खरं लिवल्यालं असतंय का?" झालं, मला चेव चढला. वर्तमानपत्रं, मासिकं, पंचांगाची मागची पानं, जे दिसेल ते कापून मी एका वहीत चिकटवू लागले. कोमट पाण्यात लिंबू पिळा. एकभुक्त राहा. सात दिवसांत चरबी वितळवणारी पूड मागवा. हे कोण लिहितंय, कशावरून लिहितंय, हे मी एकदाही विचारलं नाही. छापलंय म्हणजे खरं, एवढीच माझी अक्कल. (यातली बरीच कात्रणं तुम्ही आत्ता वाचताय तशाच रविवारच्या पुरवण्यांतली होती, वाचकहो... राग मानू नका.) वहिनीला अक्षरओळख नव्हती. मी वाचायची, ती मान डोलवायची आणि वाचलेलं तंतोतंत करायची. शेवटचं पान मात्र तिनं चिकटवू दिलं नाही. "ह्ये कोरंच ऱ्हाऊ द्या. खरं गावलं की हितं लिवा."

उन्हाळ्यात कामावर तपासणीला एक डॉक्टर आले. त्यांनी काय खाता ते विचारलं, तिच्या पायावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. ते तिला म्हणाले, "बाई, जाडी म्हणजे खादाडपणा नव्हे. कुणाला ती घराण्यातून येते, कुणाला अंगातल्या ग्रंथी बिघडून. तुम्हाला तर सूजही दिसतेय. उपास आधी थांबवा आणि नगरला येऊन हृदय तपासून घ्या." घरी येऊन तिनं मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, "वन्सं, डाक्टर तर वहीच्या उलटं सांगत्यात. कुनाचं खरं?"

त्या माणसानं तिला तपासलं होतं. मी नुसतं वाचलं होतं. तरी मी म्हणाले, "ते सगळ्यांना तेच सांगत असतील. अजून महिनाभर बघू." वहीतली मेहनत वाया जाईल म्हणून म्हणाले, दुसरं काही नाही. ती "बरं" म्हणाली. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेलीच नाही. महिना भरायला चार दिवस होते...

दिवस झाल्यावर दादानं वही चुलीत घालायला काढली, ती मी हिसकावून घेतली. आता ती माझ्या पेटीत असते, शाळेच्या लुगड्यांखाली. रोज पेटी उघडते आणि हात तिथेच अडतो. काल बाहेर काढली आणि ते शेवटचं पान उघडून बसले. सूज होती, हृदय होतं की आणखी काही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मला नक्की ठाऊक आहे तेवढंच त्यावर लिहिलं: 'वहिनी उपाशी होती.'